सांडपाण्याचा हिशेब माशापासून मांडा

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेच्या पाण्यावर मेलेल्या माशांचा खच आला, तेव्हा सगळीकडे एकच विचारणा झाली: कोणी सोडले? साखर कारखान्याने, आसवनीने, की शहराच्या नाल्याने? विचारणा रास्त होती. तिचे उत्तर शोधणे हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कामच आहे आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले, हेही योग्य झाले. पण तिच्या आड आणखी एक प्रश्न राहून गेला: त्या आठवड्यात नदीच्या अंगात किती बळ उरले होते? सप्टेंबरात भरून वाहणाऱ्या कृष्णेत तेच पाणी आले असते, तर कदाचित एकही मासा वर आला नसता. आपल्याकडे सांडपाण्याची आखणी गावापासून सुरू होते. लोकसंख्या किती, माणशी पाणी किती, गटार किती रुंद, पंप किती अश्वशक्तीचा, हे सगळे ठरते. शेवटी पाणी जिथे सोडायचे ती जागा नकाशावर एका बाणाने दाखवली की अभियंत्याचे काम संपते. माझे म्हणणे असे आहे की आखणी त्या बाणाच्या टोकापासून उलट्या दिशेने व्हायला हवी. ज्या पाण्यात सोडायचे, त्यातला मासा वर्षातल्या कोणत्या आठवड्यात सर्वांत जास्त अडचणीत असतो, हे आधी शोधावे. त्या आठवड्यात पाण्याला जेवढे झेपेल तेवढेच सोडावे आणि बाकीच्याची सोय दुसरीकडे करावी. हे सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याला जितके लागू आहे, तितकेच मुंबईला.

आधी आष्ट्याचाच हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे ३७ हजार होती. भुयारी गटार असलेल्या गावासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरण्याचा शासकीय निकष आहे आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. म्हणजे रोज साधारण ४० लाख लिटर. घरगुती मैलापाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. गुणाकार केला की दिवसाला १,००० किलो प्राणवायूची मागणी होते. उन्हाळ्यातल्या कोमट नदीत लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि मासे जगण्यासाठी त्यातले किमान ४ शिल्लक राहावेत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. खर्च करता येण्याजोगे उरले ४. पाटबंधारे खात्याच्या भाषेत सांगायचे तर आष्ट्यासारख्या एका गावाचे सांडपाणी प्रक्रियेविना सोडले, तर सुमारे १०० क्युसेक पाण्यातला असा सगळा शिलकी प्राणवायू ते खाऊन टाकते. प्रक्रिया करून बीओडी ३० वर आणला तर १२ क्युसेक पुरतात, १० वर आणला तर ४. सांगली-मिरज-कुपवाडच्या पाच लाख लोकांचे सगळे पाणी तसेच सोडायचे म्हटले, तर याच हिशेबाने १,३०० ते १,४०० क्युसेक लागतील. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाचे एक युनिट चालते तेव्हा नदीत १,०५० क्युसेक पाणी येते, हे या खोऱ्यात सगळ्यांना पाठ आहे. त्यातलेही किती पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपशात वाटेतच उचलले जाते, हेही ठाऊक आहे. हा हिशेब ढोबळ आहे. घाण एका दिवसात कुजत नाही आणि नदी हवेतून प्राणवायू परत घेतच असते. मात्र तो परत घ्यायला पाणी खळाळते असावे लागते.

आणि नेमके तेच उन्हाळ्यात नसते. फेब्रुवारीनंतर कृष्णा ही बंधाऱ्यांमागे साठलेल्या डोहांची एक माळ होते. पाणी थबकते, तापते, हिरवे होते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री स्वतःच तो ओढून घेते, त्यामुळे डोहातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. मासे मेल्याच्या बातम्या बहुधा सकाळच्या असतात त्याचे एक कारण हे आहे, आणि सकाळी अकराला येऊन घेतलेला पाण्याचा नमुना निर्दोष निघतो त्याचेही. २०२३ च्याच दुष्काळी वर्षाअखेर सांगलीला नदीचे पात्र उघडे पडले आणि कोयनेतून पाणी सोडण्यावरून वाद झाले. त्या दिवसांत पात्रात जे काही ओघळत होते त्यात नाल्यांचा वाटा किती असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. दुसरा वाईट काळ वळवाचा आणि पहिल्या मृगाचा. आठ महिने नाल्यांच्या तळाशी बसलेला काळा गाळ पहिल्या लोंढ्यासरशी नदीत उतरतो. त्याच लोंढ्याची चाहूल लागून चढणीचे मासे अंडी घालायला वर निघालेले असतात. वर्षातल्या ज्या पाण्यावर पुढची पिढी अवलंबून असते, नेमके तेच पाणी विषारी होऊन येते. अशी काही वर्षे लागोपाठ गेली की नदी मोकळी दिसत नाही, मासे मिळत राहतात, पण कोणते? हवेतून श्वास घेणारी मरळ आणि मागूर तगतात, कसल्याही पाण्यात वाढणारी चिलापी तगते. वाहत्या, स्वच्छ पाण्याला जखडलेल्या मूळच्या जाती एकेक करून जातात. बाजारात मासळी दिसते म्हणून नदी ठीक आहे, असे मानण्यात हा धोका आहे. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ नदीपट्टे प्रदूषित ठरले, देशात सर्वाधिक. त्यांत कृष्णेचा शिंदी ते कुरुंदवाड हा पट्टाही आहे, म्हणजे सातारा-सांगलीतली जवळजवळ सगळी कृष्णा.

समुद्राचा विषय सांगलीच्या वाचकाला दूरचा वाटेल. पण सातारच्या डोंगरातले पाणी रोज समुद्राला जाते आहे आणि तेही पश्चिमेला. कृष्णा तंटा लवादाच्या पहिल्या निवाड्याप्रमाणे कोयनेचे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरते आणि वाशिष्ठीवाटे दाभोळच्या खाडीला मिळते. त्याच खाडीत लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे पाणी जाते आणि तिथले मच्छीमार मासे मरत असल्याची तक्रार वर्षानुवर्षे करत आले आहेत. वीजनिर्मिती चालू असते तेव्हा वाशिष्ठी भरून वाहते, थांबली की ओसरते. म्हणजे खाडीत मिसळायला गोडे पाणी किती मिळणार, हे कोयनेचे जनित्र कधी फिरते त्यावर ठरते, आणि सांडपाण्याची परवानगी मात्र बारमाही असते. सरासरीवर बेतलेली परवानगी वाईट दिवशी किती निरुपयोगी ठरू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण राज्यात मिळणे कठीण आहे.

आता मुंबई. या शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते आणि त्यातले बहुतेक सांडपाणी होऊन अरबी समुद्राला किंवा खाड्यांना मिळते. १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मलजल विल्हेवाटीचा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला. त्यातून वरळी आणि वांद्रे येथे समुद्राच्या तळाखालून किनाऱ्यापासून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब जाणारे बोगदे झाले. तिथवर जाणाऱ्या पाण्यावरची प्रक्रिया मात्र चाळणीने कचरा काढणे आणि वाळू-रेती खाली बसवणे एवढीच राहिली. हे बेकायदा होते असेही नाही. पर्यावरण संरक्षण नियमांखालच्या सर्वसाधारण मानकांत नदी-तलावात सोडायच्या पाण्याचा बीओडी ३० ला बांधलेला होता आणि किनाऱ्याच्या समुद्रात सोडायच्या पाण्याला १०० पर्यंत मुभा होती. कायदा लिहिणाऱ्यांनीच समुद्राला नदीच्या तिप्पट सोशिक मानले होते. तेव्हापासून मुंबईत चर्चा होत आली ती बोगदा किती लांब न्यावा याची. त्याच्या तोंडाशी कोणते मासे अंडी घालतात आणि कधी, हा प्रश्न आखणीच्या टेबलावर क्वचितच आला.

या बोगद्यांनी काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सांडपाणी गोडे असते, म्हणून खाऱ्या पाण्याहून हलके. तळाशी अनेक तोंडांतून ते सोडले की वर चढता चढता आजूबाजूच्या पाण्यात मिसळते आणि पातळ होत जाते. खार आणि ऊन यांनी त्यातले रोगजंतू काही तासांत-दिवसांत मरतात. पूर्वी किनाऱ्यालगतच पडणारी घाण दूर गेली, हा माणसांचा खरा फायदा झाला. पण हा फायदा माणसांचाच. रोगजंतू मेले म्हणून नत्र आणि स्फुरद मरत नाहीत. ते पाण्यात राहतात, त्यांवर शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती माजतात, त्या मरून तळाशी जातात आणि तिथे कुजताना प्राणवायू खातात. शिवाय सांडपाण्यातला अमोनिया माशांच्या कल्ल्यांना थेट घातक असतो आणि पाणी जितके गरम, तितका त्याचा विषारीपणा वाढतो. पोहणाऱ्याच्या आरोग्यासाठी आखलेली सोय बोंबील-कोळंबीच्या पिलांनाही पुरेल, असे धरून चालणे हीच मूळ चूक आहे.

त्यातही आपला समुद्र अरबी आहे, हे विसरून चालणार नाही. जगातल्या ज्या मोजक्या समुद्रांत पृष्ठभागाखाली प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्याचा जाड थर कायमचा पसरलेला आहे, त्यांत अरबी समुद्र येतो. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत खोल असा हा थर आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खालचे पाणी वर ढकलले जाते आणि हे कमी प्राणवायूचे पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात शिरते. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याची पातळ साय असते, ती खालच्या पाण्याला हवेशी मिसळू देत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९९ च्या पावसाळ्याअखेर या पट्ट्यात प्राणवायूची इतकी तीव्र टंचाई नोंदवली की तिच्यावरचा शोधनिबंध २००० साली 'नेचर'मध्ये आला. जमिनीवरून येणारे वाढते नत्र या टंचाईत भर घालत असावे, अशी शक्यता त्यांनी मांडली होती. मुंबईच्या अक्षांशाकडे या उसळीचा जोर दक्षिणेइतका राहत नाही, हे मान्य. पण मुद्दा असा की या किनाऱ्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने निसर्गतःच ओढाताणीचे आहेत. पावसाळी मासेमारीबंदी संपून होड्या पाण्यात उतरतात तोही हाच काळ. समुद्र अफाट आहे, त्याला काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी अफाट समुद्र आणि किनाऱ्यालगतचा वीस-तीस मीटर खोलीचा पट्टा यांत फरक करायला हवा. सांडपाणी पडते ते त्या पट्ट्यात आणि बहुतेक मासळी वाढते तीही तिथेच.

खाड्यांची स्थिती तर आणखी नाजूक. मालाडच्या खाडीत, माहीमच्या खाडीत, ठाण्याच्या खाडीत येणारे पाणी भरतीबरोबर आत ढकलले जाते आणि ओहोटीबरोबर थोडेच बाहेर जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडी बऱ्यापैकी धुऊन निघते, पण अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत पाण्याची हालचाल मंदावते आणि तेच सांडपाणी पुढे-मागे हेलकावत राहते. कोळ्यांना हे तिथीवरून कळते, आणि आखणी करणाऱ्यांना भरतीच्या कोष्टकावरून कळू शकते. मेच्या अखेरीस भांगाच्या दिवशी, पहाटे खाडीत प्राणवायू किती असतो, हा एक आकडा मुंबईच्या कोणत्याही मलजल केंद्राच्या आराखड्यात पहिला असायला हवा. १९ जानेवारी २०२३ रोजी ज्यांचे भूमिपूजन झाले ती वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा ही सात केंद्रे मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करतील. खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये. हे काम फार पूर्वी व्हायला हवे होते आणि ते होते आहे याचे मनापासून स्वागत. पण क्षमता म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. ज्या वस्त्यांचे मैलापाणी गटारात न जाता मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्यांत थेट उतरते, ते या केंद्रांच्या दारापर्यंत पोचतच नाही. राज्याचे चित्र तर समोरच आहे: केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे महाराष्ट्राच्या शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, उभारलेली क्षमता ६,८९० ची आहे आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती ४,२४२ वर.

लांब नेऊन सोडले की वाहून जाईल, या भरवशाची परीक्षा जगाने आधीच घेतली आहे. इस्तंबूलने अनेक वर्षे बरेचसे सांडपाणी जुजबी प्रक्रियेनंतर बॉस्फरसच्या खालच्या थरात सोडले. तो प्रवाह काळ्या समुद्राकडे जातो, तेव्हा घाण मार्मारा समुद्रातून निघून जाईल, असा हिशेब होता. हिशेब पूर्ण चुकीचा नव्हता, पण त्या पाण्याचा काही भाग वरच्या थरात मिसळून परत येत राहिला. २०२१ च्या वसंतात मार्मारा समुद्रावर चिकट बुळबुळीत थर मैलोन्मैल पसरला आणि मच्छीमारांची जाळी त्यात अडकली. उलट उदाहरण बोस्टनचे. तिथेही लांब बोगदा झाला, पंधरा किलोमीटरचा, सप्टेंबर २००० मध्ये सुरू झाला. पण त्याआधी डिअर आयलंडच्या केंद्रात जैविक प्रक्रियेची सोय झाली आणि बोगद्याच्या तोंडाजवळच्या समुद्राचा अभ्यास १९९२ पासून, म्हणजे पाणी सोडण्याच्या आठ वर्षे आधी, सुरू झाला. प्राणवायू, शेवाळ, तळातले जीव, माशांच्या यकृतातले विकार यांच्या मर्यादा आधीच ठरवल्या आणि मर्यादा ओलांडली तर काय करायचे हेही लिहून ठेवले. केप कॉडच्या लोकांनी प्रकल्पाला कडाडून विरोध केला होता. त्या विरोधामुळेच ही देखरेख इतकी काटेकोर झाली. बोगद्याला माझा विरोध नाही. आधी शुद्धीकरण, आधी मोजणी आणि मग बोगदा, एवढाच क्रमाचा आग्रह आहे.

यावर आक्षेप येतात आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला पैशाचा. गरीब वस्त्यांत शौचालये नाहीत आणि तुम्ही माशांसाठी कोट्यवधी मागता, असे म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. पण वाईट दिवस धरून केलेली आखणी सगळीकडे महागच पडते हे खरे नाही. पाण्याचा दुबळा काळ वर्षातून काही आठवड्यांचा असेल, तर त्या आठवड्यांपुरते पाणी साठवणे किंवा शेताला देणे हे बारा महिने अतिशुद्ध करण्याहून स्वस्त पडू शकते. कोणते केंद्र आधी बांधायचे, कुठे नत्र काढायचे आणि कुठे नाही, हे ठरवायलाही हीच मोजपट्टी लागते. तिच्याशिवाय सगळीकडे सारखा खर्च होतो आणि सगळीकडे अपुरा पडतो. दुसरा आक्षेप अभ्यासकांचा: सांडपाणी हे खतही आहे. ठाण्याच्या खाडीत, जी २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली, हजारोंनी येणाऱ्या रोहित पक्ष्यांना मिळणारे शेवाळ याच नत्र-स्फुरदावर पोसले जात असावे, असे पक्षीतज्ज्ञ सांगतात. तसे असू शकेल. पण चिखलात चोच घालणारा पक्षी आणि पाण्यात श्वास घेणारा मासा यांच्या गरजा वेगळ्या आहेत; एकाची भरभराट दुसऱ्याच्या तब्येतीचा दाखला होत नाही. आणि जे शेवाळ आज पक्ष्यांना पुरते, तेच थोडे आणखी वाढले की खाडीचा श्वास कोंडते. पोषणाचीही एक मर्यादा मोजून ठरवायला लागेल. ती मोजणी करा, एवढेच तर मागणे आहे.

तिसरा आक्षेप आपल्या भागात सर्वांत जास्त ऐकू येतो: मासे कारखान्याच्या मळीने मरतात, गावाच्या सांडपाण्याला कशाला दोष द्यायचा? मळीचे पाणी मैलापाण्याच्या कित्येक पट तीव्र असते, हे खरे आहे, आणि ते चोरून सोडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण गावांचे पाणी रोज येते, न चुकता येते आणि नदीची शिल्लक खात राहते. लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायू असलेल्या डोहात एखादा अपघात झाला, तर मासे दूर पळून वाचू शकतात. ४ वर आलेल्या डोहात तोच अपघात सामूहिक मृत्यू ठरतो. दोषी शोधताना शेवटचा घाव घालणारा सापडतो, आधी रक्त काढणारे सगळे सुटतात. म्हणून गावे आणि कारखाने यांचा हिशेब एकाच वहीत मांडायला हवा: या पट्ट्याला मार्चमध्ये इतके किलो झेपते, त्यातला वाटा याला इतका, त्याला इतका. आज प्रत्येकाला स्वतंत्र परवानगी मिळते, ती प्रत्येकाच्या लिटरमागच्या मिलिग्रॅमवर. सगळ्यांनी आपापली मर्यादा पाळली तरी बेरीज नदीच्या कुवतीबाहेर जाऊ शकते, आणि ती बेरीज कोणी करत नाही.

नियम कमी आहेत म्हणून हे अडले आहे असे नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेने शहरांचे अशुद्ध पाणी समुद्रात सोडणे बंद करायला तीन वर्षे दिली होती. २०११ च्या अधिसूचनेने पुन्हा दोन वर्षे दिली. मधल्या वीस वर्षांत काय झाले, हे दुसऱ्या मुदतीवरूनच कळते. २०१७ मध्ये केंद्राने नवी मानके आणली, २०१९ मध्ये हरित लवादाने ती आणखी कडक करून बीओडी १० वर आणायला सांगितला. आकडा कडक होत गेला, पण तो नळाच्या तोंडाशीच मोजायचा राहिला. नळापलीकडच्या पाण्याचे काय झाले, याची जबाबदारी अजूनही कोणाच्या नावावर नाही. माझ्या मते परवानगीच्या कागदावर एक ओळ वाढवायला हवी: सोडण्याच्या जागेपासून ठरावीक अंतरावर, ठरलेल्या महिन्यांत, पहाटे, प्राणवायू ४ च्या खाली गेला तर विसर्ग कमी करायचा किंवा थांबवायचा. थांबवायचा म्हणजे पाणी न्यायचे कुठे, हे आधीच ठरलेले असायला हवे.

आष्ट्याच्या बाबतीत हा 'कुठे'चा प्रश्न सोपा नाही. शुद्ध केलेले पाणी उसाला द्या, हे सल्ला देणाऱ्याला सहज सुचते. पण कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या या पट्ट्यात अतिपाण्याने क्षारपड आणि पाणथळ झालेल्या जमिनींचे दुखणे जुने आहे. सांडपाणी कितीही शुद्ध केले तरी त्यातले मीठ जात नाही. आधीच मिठाने भरलेल्या काळ्या रानात ते सोडणे म्हणजे नदीचा त्रास शेताच्या माथी मारणे. सांगलीत शेरी नाल्याचे पाणी उचलून धुळगावच्या बाजूला नेऊन, तळ्यांत शुद्ध करून शेतीला देण्याची योजना याच विचाराची होती. विचार बरोबर होता: ओल्या काठावरून कोरड्या माळाकडे. ती पूर्ण ताकदीने चालली नाही आणि शेरी नाला नदीला मिळतच राहिला, यातून शिकायचे ते पंप, वीज आणि देखभालीच्या कराराबद्दल. शहराजवळ मोठा ग्राहक असेल तर वाट आणखी सोपी होते. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. सांगलीला कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहती आहेत. आष्ट्याजवळ एवढा मोठा ग्राहक नाही, आणि उसातच ७० टक्के पाणी असल्याने साखर कारखान्याला हंगामात बाहेरचे पाणी फारसे नको असते.

तेव्हा आष्ट्यासारख्या गावाला साठवणीचा विचार करावा लागेल. रोजचे ४० लाख लिटर दोन महिने अडवून धरायचे, तर २४ कोटी लिटरची जागा लागते. तीन मीटर खोलीची तळी केली तर सुमारे २० एकर. उसाच्या पट्ट्यात २० एकर जमीन म्हणजे मोठी रक्कम आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण क्षारपड होऊन पीक सोडलेली रानेही याच पट्ट्यात आहेत. तळाला अस्तर घालून त्यांतली काही जागा या कामी आणता येते का, याची तपासणी नगरपरिषद आणि जिल्हा प्रशासन आजही करू शकते. मार्च-एप्रिलमध्ये, नदीचे डोह थबकलेले असताना, पाणी तळ्यात राहील. साठवण आणि ऊन मिळून ते आणखी सुधारेल. जुलैत कृष्णा दुथडी वाहू लागली, पहिला गढूळ लोंढा आणि चढणीचे दिवस सरले, की ते हळूहळू सोडता येईल. मेच्या अखेरीपासून जूनअखेरपर्यंतचे पाणी धरायला या २० एकरांखेरीज आणखी जागा लागेल, कारण तो आपल्या नदीचा दुसरा दुबळा काळ आहे. यातले काहीही ठरवण्याआधी एक काम मात्र करायला हवे आणि त्याला कोट्यवधी लागत नाहीत: आष्टा, भिलवडी, सांगली, हरिपूर या टप्प्यांवर फेब्रुवारी ते जून रोज पहाटे पाण्यातला प्राणवायू मोजायचा, निदान सलग तीन वर्षे, आणि तो आकडा धरणाच्या पाणीसाठ्यासारखा रोज वर्तमानपत्रात द्यायचा.